शंभर मीटरांमागचे निसर्गनियम

मलप्रभा नदी जेथे उगम पावते, ते खानापूर तालुक्यातील कणकुंबी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर आहे. तेथील एखाद्या शाळकरी मुलाने १०० मीटरांची धाव १२ सेकंदांत पुरी केली, तर पाहणारे त्याच्या पायांचे कौतुक करतात, आणि ते योग्यच होय. परंतु त्या १२ सेकंदांत जमीन, हवा आणि घड्याळ हेही वाटेकरी असतात.

पाय भराभर उचलणारा अधिक वेगाने धावतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वेगवान धावपटू जमिनीला अधिक जोराने रेटतो. पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकते. तेवढ्या अवधीत त्याला आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो आणि जमीन तितक्याच जोराने त्याला उलट लोटते. धावपट्टी टणक असेल, तर हे बळ कामी येते; पावसाने भिजलेल्या मातीत पाऊल रुतते, घसरते, आणि श्रम चिखलात जिरतात.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे पाठीवरचा वारा सेकंदाला २ मीटरांहून अधिक असल्यास १०० मीटरांचा विक्रम मान्य होत नाही. एवढ्या वाऱ्याने सुमारे एक दशांश सेकंद वाचतो. विरळ हवाही साहाय्य करते. २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये जिम हाइन्स यांनी नोंदविलेला ९.९५ सेकंदांचा विक्रम १९८३ पर्यंत अबाधित राहिला. कणकुंबीची हवा समुद्रकाठच्या हवेहून सुमारे ७ टक्के विरळ असते. तिचा लाभ मात्र सेकंदाच्या काही शतांशांपुरताच. लांब पल्ल्याच्या शर्यतीत हिशेब उलटतो. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. तसल्या शर्यतीत सारी भिस्त श्वासातील प्राणवायूवर असते, आणि विरळ हवेत तोच कमी पडतो.

राहिले घड्याळ. ध्वनीला १०० मीटर जाण्यास सुमारे ०.३ सेकंद लागतात. अंतिम रेषेवरील पंचाने शिट्टी ऐकून घड्याळ सुरू केले, तर तेवढा वेळ धावपटूच्या खात्यातून आपोआप वजा होतो. म्हणून पिस्तुलाचा धूर किंवा निशाण पाहूनच घड्याळ सुरू करावयाचे असते. तरीही हाताने मोजलेली वेळ विद्युत घड्याळाहून सुमारे पाव सेकंद कमी भरते.

तेव्हा केवळ आकड्यावरून धावपटूची पारख करू नये. शिट्टीच्या घड्याळावर हुरळलेला मुलगा जिल्ह्याच्या शर्यतीत मागे पडतो आणि खचतो. चिखलात १३ सेकंद घेणारा कदाचित निवडीपूर्वीच गळतो. आकड्याशेजारी वारा, जमिनीची स्थिती आणि मोजणीची रीत नोंदविली, तर हे दोन्ही अन्याय टळतील. त्यासाठी शाळेतील एक साधी वही पुरेशी आहे.