बार्जपासून फ्रिगेटपर्यंत

वास्कोजवळ झुआरीच्या काठी पोर्तुगिजांनी १९५७ साली एक लहानसा कारखाना काढला. नाव भारदस्त, ‘इश्तालेरुश नावाइश द गोवा’, काम साधं. खाणींतलं लोहखनिज मांडवी-झुआरीतून बार्जने मुरगाव बंदरात यायचं. त्या बार्ज बांधायच्या आणि चालत्या ठेवायच्या.

चालत्या ठेवणं जास्त अवघड. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं आणि तळाला कालवं चिकटतात. तळ खरखरीत झाला की डिझेल जास्त जळतं. म्हणून बार्ज अधूनमधून पाण्याबाहेर काढावीच लागते. काठावरून पाण्यात उतरणारे रूळ, त्यांवर क्रेडल आणि वरून ओढणारा विंच, एवढ्यावर हे काम होतं. मग तळ खरवडायचा, पत्र्याची जाडी मोजायची, झिजलेला भाग कापून नवा वेल्ड करायचा, पंख्याचा शाफ्ट उतरवून बेअरिंग बघायचं. तळाला जस्ताचे ठोकळेही लावतात. आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. जहाज नेमकं कुठे थकतं हे ड्रॉइंगवर दिसत नाही, ते फिटरला आणि वेल्डरला कळतं. जलावतरणाला मंत्री येतात, नारळ फुटतो. पत्रा बदललेल्या बार्जला हार कोण घालणार?

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला आणि हा कारखाना मुंबईच्या माझगाव डॉककडे चालवायला आला. माझगाव डॉकचं मूळही १७७४च्या एका छोट्या गोदीत, त्यामुळे दोघांची जातकुळी एकच. १९६७मध्ये कारखाना माझगाव डॉकची उपकंपनी झाला. आज त्याला आपण गोवा शिपयार्ड म्हणतो.

पुढे तटरक्षक दल आणि नौदलाची गस्ती जहाजं आली. मला मात्र कौतुक ‘तरंगिणी’चं. तीन डोलकाठ्यांचं हे शिडाचं प्रशिक्षण जहाज १९९७मध्ये नौदलात दाखल झालं आणि २००३-०४मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. डिझेलच्या जमान्यात शिडांचं जहाज बांधायला घेणं हे धाडसच.

२०११मध्ये इथे ६,००० टनांची शिपलिफ्ट सुरू झाली. जहाज ओढत बसण्याऐवजी फलाटासकट सरळ वर उचलायचं, मग ते नवं असो की दुरुस्तीला आलेलं. जुलै २०२४मध्ये याच यार्डातून ‘त्रिपुट’ ही सुमारे १२५ मीटर लांबीची फ्रिगेट पाण्यात उतरली. जहाजदुरुस्तीचं काम आजही चालू आहे.