नागलीनंतर खुरासणी

पायाखालची माती : लेखांक ७

पेठकडच्या उतारांसारख्या वरकस जमिनीत पिकांचा जुना फेर असा असायचा: पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षे पड. कारण विचारले तर जुनी माणसे म्हणत, जमीन दमते. दमते म्हणजे नेमके काय होते, ते आज जरा खाली वाकून पाहू.

मूळ नुसते शोषत नाही, पाझरतेही. पानांनी उन्हावर रांधलेल्या अन्नातला काही वाटा साखरा, अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले होऊन मुळाभोवती सुटतो आणि त्यावर जिवाणू-बुरशींची दाट वस्ती पोसते. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या पट्ट्याला 'ऱ्हायझोस्फिअर' म्हटले. नागली आणि वरई दोघी गवताच्या कुळातल्या, म्हणजे स्वयंपाक साधारण एकाच घरचा. खुरासणी सूर्यफुलाच्या कुळातली; तिच्या पंगतीला बसणारे बरेचसे वेगळे. एकच पीक वर्षानुवर्षे घेतले की त्याच मुळांवर जगणारे रोगजंतू आणि सूत्रकृमी शेतात मुक्काम ठोकतात. फेर बदलला की त्यांची उपासमार होते. पडीच्या वर्षांत तर गवत, टाकळा, झुडपे, सगळ्यांचाच पाझर.

तुरीची गोष्ट याहून नवलाची. लाल मातीत स्फुरद असतो, पण लोहाने जखडलेला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या संशोधकांनी १९९० साली दाखवले की तुरीच्या मुळांतून पिसिडिक आम्ल पाझरते, ते लोहाला धरून ठेवते आणि स्फुरद मोकळा होतो. ज्वारीला ही युक्ती साधत नाही. पाणी न साचणाऱ्या उतारावर नागलीत तुरीच्या ओळी टाकणारा शेतकरी मला म्हणूनच शहाणा वाटतो.

उडदाचा पाझर म्हणजे थेट आवतणच. त्यातली फ्लॅव्होनॉइड्स ओळखून रायझोबियम जातीचे जिवाणू उलट निरोप धाडतात. मुळावरचा केस वळतो, जिवाणू आत शिरतात, गाठ धरते. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एखादे झाड हलकेच खणून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर हवेतले नत्र बांधण्याचे काम चालू आहे. पण 'उडीद घेतला, युरियाची गोणी वाचली' हा हिशेब घाईचा. त्या नत्राचा मोठा भाग दाण्यात जातो, म्हणजे डब्यात आणि बाजारात. शेताला उरतो तो मुळांत आणि पाल्यात. झाड मुळासकट उपटले तर तोही खळ्यावर जातो. विळ्याने कापले तर मुळे जागच्या जागी कुजतात.

पुढच्या आठवड्यात राब: भाजलेल्या मातीत कोण मरते, कोण उरते.