पूरविम्याचा हप्ता पारनेरनेही का भरावा?

पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. कान्हूर पठाराने कित्येक उन्हाळे टँकरवर काढले. इथल्या घरमालकापुढे पूरविम्याचा विषय काढणे विचित्र वाटेल. पण पूरविमा टिकवायचा असेल, तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले आणि काठावरच्या वस्त्या एकाच आठवड्यात बुडाल्या. आगीत शंभरातले एखादे घर जळते, उरलेल्यांचा हप्ता त्याला सावरतो. पुरात अख्खी गल्ली बुडते. म्हणून फक्त नदीकाठच्यांच्या हप्त्यावर विमा उभा राहत नाही. अमेरिकेची सरकारी पूरविमा योजना १९६८ची. तिचे १६ अब्ज डॉलरचे कर्ज २०१७मध्ये तिथल्या संसदेला माफ करावे लागले.

आपल्याकडे पॉलिसी आहे. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात आग, वीज, वादळ, भूकंप आणि पूर एकत्र येतात. वळवाच्या वादळात पारनेरच्या घराचे पत्रे उडाले, तरी विमा तोच. पण अशा विम्याची गाठ बहुधा गृहकर्ज घेतानाच पडते आणि गावठाणातल्या जुन्या घरावर कर्जच नसते. तेव्हा हप्ता घरपट्टीसोबत घ्यावा आणि दर पूररेषेवरून ठरवावा: पंचवीस वर्षांच्या पुराच्या निळ्या रेषेच्या आत जास्त, तिथून शंभर वर्षांच्या लाल रेषेपर्यंत मध्यम, बाहेर अगदी थोडा.

पारनेरने सांगलीसाठी का भरायचे? तसे भरायचेच नाही. प्रत्येकाने आपल्या जोखमीपुरते भरायचे, निधी मात्र एक ठेवायचा. सरकारी मदत असताना विमा कशाला, हा दुसरा आक्षेप. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६च्या निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आहेत. छातीभर उंचीवर पाण्याची खूण असलेली भिंत, फुगलेले प्लायवूडचे कपाट, कुबट वासाची ज्वारीची पोती, यातले किती त्या रकमेत सावरणार? गरिबाच्या हप्त्यात सरकारने वाटा जरूर उचलावा, पण विमा फुकटात जमा करू नये. २०२३मध्ये आणलेला एक रुपयातला पीकविमा बोगस अर्जांच्या तक्रारींनंतर २०२५मध्ये गुंडाळावा लागला. स्वस्त विम्यामुळे लोक पूररेषेत नवी घरे बांधतील, ही भीती मात्र खरी आहे. ब्रिटनच्या ‘फ्लड री’ योजनेतून २००९नंतरची घरे वगळली आहेत. आपणही अशी तारीख ठरवून सवलत जुन्या घरांपुरतीच ठेवावी.

विम्याचा निर्णय पुरात घेता येत नाही. तो पाऊस नसतानाच घ्यावा लागतो. तेव्हा येत्या ग्रामसभेत घरपट्टीच्या विषयाला हा विषय जोडून मांडा.