संरूपण प्राचले, जावा वेब अनुप्रयोगांतील

जावा भाषेतील वेब अनुप्रयोगाचे वर्तन ठरविणारी, परंतु आज्ञावलीबाहेर लिहून ठेवलेली मूल्ये म्हणजे संरूपण प्राचले होत. उदा., विदागाराचा पत्ता, जिल्ह्याचे नाव, तालुक्यांची यादी. ही मूल्ये आज्ञावलीतच लिहिल्यास प्रत्येक बदलासाठी ती पुन्हा कंपाइल करावी लागते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा वेगळा झाला. अशा वेळी तालुक्यांची यादी प्राचलांत असल्यास केवळ नोंद बदलून अनुप्रयोग पुन्हा सुरू केला की भागते.

सर्व्हलेट मानकानुसार प्राचले ‘वेब.एक्सएमएल’ फाइलमध्ये नोंदवितात. त्यांचे दोन प्रकार आहेत : संपूर्ण अनुप्रयोगाला लागू असणारी आणि एकाच सर्व्हलेटपुरती मर्यादित असणारी. पहिली ‘सर्व्हलेट-कॉन्टेक्स्ट’कडून व दुसरी ‘सर्व्हलेट-कॉन्फिग’कडून ‘गेट-इनिट-पॅरामीटर’ या पद्धतीने वाचतात. मूल्य नेहमी अक्षरमालेच्या रूपात मिळते. संख्या हवी असल्यास रूपांतर करावे लागते. मागितलेल्या नावाचे प्राचल नसल्यास ‘नल’ मिळतो, म्हणजे मूल्य नाही असे कळते. परवलीचे शब्द मात्र या फाइलमध्ये न ठेवता सर्व्हरच्या परिसरचलांत ठेवणे सुरक्षित असते.

न सापडलेल्या मूल्याऐवजी आज्ञावलीने परस्पर गृहीत मूल्य वापरणे धोक्याचे असते. समजा, भंडारा येथे वैनगंगेच्या पुराची सूचना देणारा अनुप्रयोग इशारा-पातळी प्राचलातून वाचतो. प्राचलाच्या नावात एका अक्षराची चूक होऊन चुकीची गृहीत पातळी वापरली गेली, तर पडद्यावर सर्व सुरळीत दिसेल, परंतु नदीकाठच्या वस्तीला वेळेवर इशारा मिळणार नाही. म्हणून अनुप्रयोग सुरू होतानाच आवश्यक प्राचले तपासावीत व उणीव आढळल्यास तो सुरू होऊ देऊ नये.

मराठी मूल्ये ‘प्रॉपर्टीज’ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवताना संकेतनाकडे लक्ष द्यावे लागते. ‘प्रॉपर्टीज’ वर्ग बाइट-प्रवाहातून आलेली फाइल लॅटिन-१ संकेतनातील मानतो. यूटीएफ-८ मध्ये ‘भंडारा’ या शब्दाची ६ चिन्हे १८ बाइट व्यापतात; परिणामी जिल्ह्याच्या नावाऐवजी १८ निरर्थक चिन्हे हाती येतात. फाइल वाचताना यूटीएफ-८ संकेतन स्पष्टपणे सांगितल्यास हा दोष टळतो. एक्सएमएल फाइल आपले संकेतन पहिल्याच ओळीत सांगू शकते, त्यामुळे तेथे ही अडचण सहसा येत नाही.