मेअखेरीची वेताळ टेकडी

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मे संपत येतो तेव्हा गवत करपलेले असते, पाणी मोजक्या जागी उरते आणि बरेच पक्षी विणीच्या घाईत असतात. आडोसा कमी आणि हालचाल जास्त, असे दिवस निरीक्षकाला वर्षात फार मिळत नाहीत.

फेरी उजाडण्यापूर्वी सुरू करावी. तेव्हा डोळ्यांपेक्षा कान कामी येतात. पावशाची चढत जाणारी साद अंधारातच सुरू होते. शेतकऱ्याला तीत ‘पेरते व्हा’ ऐकू येते. दाट झाडीतून दोन सुरांची स्वच्छ शीळ आली, तर तो नवरंग. दक्षिणेत हिवाळा काढून तो विणीसाठी वर सरकतो. त्याला फांद्यांवर शोधण्यापेक्षा सावलीतली जमीन न्याहाळावी. पाचोळा उलथत तो किडे टिपत असतो.

उन्हे चढली की चालणे थांबवावे आणि जुन्या दगडखाणीतल्या उरल्यासुरल्या पाण्यापासून अंतर राखून बसावे. बुलबुल, होले, सातभाई आळीपाळीने उतरतात. जवळच्या दगडावर लाल डोक्याचा नर सरडा जोर काढताना दिसतो. विणीच्या काळात हद्द सांगण्याची ही त्याची रीत.

माळावर मात्र पाऊल जपून टाकावे. टिटवी उघड्या जमिनीवरच, बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते आणि ती खड्यांत बेमालूम मिसळतात. भर दुपारी तिचे काम ऊब देण्याचे नसून सावली धरण्याचे असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंड्यांवर येऊन बसते. माणूस जवळ आला की ती ओरडत उठते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. म्हणून टिटवी डोक्यावर घिरट्या घालू लागली की आल्या वाटेने परतावे. फोटोसाठी तिथे रेंगाळणे हा सरळ अपराध आहे.

संध्याकाळी पिसारा फुलवलेला मोर दिसण्याची शक्यता अधिक. पावसाळा सरता सरता ही लांब पिसे गळतात. अंधार पडताना पायवाटेवर रातवा बसलेला आढळतो.

जूनच्या तोंडावर चातक येतो. तोही पावशासारखाच सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो, तेव्हा सातभाईंच्या थव्यावर नजर ठेवली की दोघांचा माग लागतो. पहिल्या मोठ्या सरीनंतर वाळवीचे पंखवाले किडे उडतात, त्यांवर पक्ष्यांची झुंबड लागते. ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचे किडे दिसू लागले की उन्हाळी निरीक्षणांची वही मिटून पावसाळ्याची उघडावी.