बीड बघायचं तर पाण्यामागं जा

लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं मराठवाड्यात येतात ती वेरूळ-अजिंठ्यासाठी. त्यातला एखादा वाट वाकडी करून बीडला उतरला, तर पहिला तासभर त्याला शहर आवडणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बसस्थानकाबाहेर ‘माजलगाव, माजलगाव’, ‘गेवराई, गेवराई’ असा पुकारा अंगावर येतो. सुभाष रोडवर दुकानांचा निम्मा माल रस्त्यावर, उरलेल्या जागेत दुचाक्या आणि हातगाडे. दसरा-दिवाळीच्या सुमारास यात ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्यांची भर. वर भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. नवखा माणूस भांबावतो. त्याचा दोष नाही.

परके इथं पूर्वीही येऊन गेले. वारंगळच्या मोहिमेवरून परतताना मुहम्मद तुघलकाचा दात इथं पडला आणि त्यानं तो थाटामाटात पुरला, असं सांगतात. बीडजवळच्या टेकडीवर त्या दाताची कबर दाखवतात. याच सुलतानाच्या पदरी मोरोक्कोहून आलेला इब्न बतूता काजी होता. त्यानं दौलताबादचं वर्णन लिहून ठेवलं. बीडच्या वाट्याला नुसता दात आला!

बाजाराच्या गर्दीत शहराची ओळख सापडत नाही. ती पाण्याशी आहे. गावातून वाहणारी बिंदुसरा एरवी ओढ्यासारखी दिसते, पण १९८९ च्या पुरात तिनंच हाहाकार माजवला होता. पूर्वेला कंकालेश्वर: चौकोनी कुंडाच्या मधोमध उभं काळ्या दगडाचं मंदिर, भिंतींवर शस्त्रधारी स्त्रियांची शिल्पं. महाशिवरात्रीला इथं जत्रा भरते.

त्याहून थक्क करते ती शहराबाहेर, सोलापूर-धुळे मार्गालगतची खजाना विहीर. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं ती बांधवली. भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि दुसऱ्या भुयारातून निव्वळ उतारावर शेतांकडे जातं. ना मोट, ना मोटार. टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात हे बांधकाम आहे, आणि त्याच्या कडेला प्लास्टिकचा कचरा असतो, ही आपली करणी.

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. तिची मागणी कित्येक दशकांची होती. तेव्हा आता न यायला सबब नाही. आलात तर सकाळी कंकालेश्वर, मग खजाना विहीर बघा. बाजार दुपारनंतर. आणि मोसम असेल तर बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं घेतल्याशिवाय परतू नका. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.