खडी-वाळू पारखताना

जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे झाकण, गटारावरची फरशी, फाटकाच्या खांबाचा पाया ही कामे इतकी लहान असतात की त्यांच्यासाठी कोणी कंत्राटदार येत नाही. मग गवंडी किंवा घरातलेच कोणी तरी अर्धी गोणी सिमेंट आणून जागेवरच काँक्रीट कालवतात. सिमेंट कोणत्या कंपनीचे, गोणी ताजी आहे ना, याची चौकशी सगळे करतात. खडी आणि वाळू मात्र जवळच्या बांधकामावर उरलेल्या ढिगातून उचलली जाते. त्या ढिगावर पावसाळा होऊन गेलेला असतो, गुरे बसलेली असतात, पालापाचोळा कुजलेला असतो. तरीही ‘दगडच तर आहे’ असे म्हणून तो माल वापरला जातो.

काँक्रीटच्या एकूण घनफळात ६० ते ७५ टक्के भाग खडी आणि वाळूचा असतो. सिमेंट आणि पाणी यांची लापशी ही या तुकड्यांना एकत्र धरून ठेवणारी खळ आहे. त्यामुळे खडी-वाळू चुकीची असेल तर उत्तम सिमेंटही फारसे काही करू शकत नाही. टाकीच्या झाकणाचेच उदाहरण घ्या. सुटीत मुले त्यावर उभी राहतात, उड्या मारतात. ते मधोमध मोडले तर खाली पाणी असते. म्हणून या लेखात हेच झाकण डोळ्यांसमोर ठेवू आणि त्याच्यासाठी खडी-वाळू कशी पारखायची ते पाहू. यासाठी लागणाऱ्या बहुतेक चाचण्या शाळेच्या प्रयोगशाळेत, मोजपात्र आणि काचेची बाटली एवढ्या साधनांवर होतात.

पोकळीचा हिशेब

एक लिटरचे भांडे खडीने काठोकाठ भरा. खडी आधी पाण्यात बुडवून पुसून घ्यावी, म्हणजे दगडाने शोषलेले पाणी हिशेबात येणार नाही. आता मोजपात्राने भांड्यात पाणी ओता. भांडे ‘भरलेले’ असूनही त्यात ४०० ते ४५० मि.लि. पाणी मावते. म्हणजे जवळजवळ निम्मी जागा रिकामीच होती. हाच प्रयोग कोरड्या वाळूवर केला तर ३५० ते ४०० मि.लि. पाणी जिरते. आता एक लिटर खडीत अर्धा लिटर वाळू मिसळा. मिश्रण दीड लिटर भरत नाही, त्यापेक्षा बरेच कमी भरते. कारण वाळू खडीमधल्या फटींत जाऊन बसते.

गवंड्याच्या तोंडी असलेले १:२:४ हे प्रमाण याच हिशेबाशी जुळते. चार घमेली खडीतल्या फटी भरायला सुमारे दोन घमेली वाळू, आणि त्या वाळूतल्या फटी भरून वर प्रत्येक कणावर लेप बसेल एवढे म्हणून एक घमेले सिमेंट. विद्यार्थ्यांना हे प्रमाण पाठ करायला लावण्यापेक्षा त्यांच्याकडून ते मोजून काढून घेता येते, आणि त्यात एक तासिकाही पुरी लागत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सगळे तुकडे एकाच मापाचे असतील तर फटी जास्त राहतात. मोठे, मध्यम, लहान असे सर्व आकार असतील तर प्रत्येकाच्या फटीत त्याच्याहून लहान तुकडा बसतो. न्यूयॉर्कमध्ये फुलर आणि थॉम्प्सन या अभियंत्यांनी १९०७ साली यावरच भर देऊन दाट बसणाऱ्या मिश्रणासाठी एक आलेख मांडला. त्याचे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. वाळू निवडताना ती मुठीत घेऊन तळहातावर पसरावी. पिठासारखी बारीक वाळू गिलाव्याला चालेल, काँक्रीटला नाही. ज्वारीच्या दाण्याएवढ्या खड्यांपासून रव्याएवढ्या कणांपर्यंत सगळे त्यात दिसले पाहिजे.

बारीक कण पाणी का मागतात?

२० मि.मी. बाजूचा एक घनाकृती दगड घेतला तर त्याचे पृष्ठफळ २४ चौ. सें.मी. होते. त्याचे १० मि.मी.चे आठ तुकडे केले की दगड तेवढाच, पण पृष्ठफळ ४८ चौ. सें.मी. एक-एक मि.मी.चे ८,००० तुकडे केले तर ४८० चौ. सें.मी. आणि ०.०७५ मि.मी.पर्यंत दळला तर सुमारे ६,४०० चौ. सें.मी.! या सगळ्या पृष्ठभागाला ओले करायला पाणी लागते आणि लेपायला सिमेंट. बारीक माती किंवा धूळ मिसळलेली असली की काँक्रीट घट्ट वाटते, थापी फिरत नाही, आणि मग कालवणारा माणूस आणखी एक तांब्या पाणी ओततो. नुकसान होते ते इथे.

शिकागोत डफ अब्राम्स यांनी असंख्य नमुने फोडून १९१८ साली दाखवून दिले की, काँक्रीट नीट दाबून बसवलेले असेल तर त्याची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या परस्परप्रमाणावर ठरते. पाणी वाढले की ताकद घटते. सिमेंटशी क्रिया होऊन उरलेले पाणी नंतर सुकून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. तेव्हा चांगली खडी-वाळू म्हणजे जिच्यात कमी पाणी घालूनही काँक्रीट सहज पसरते ती.

‘वाळू खराब आहे तर थोडे सिमेंट वाढवू’ हा उपाय नेहमी ऐकू येतो. मला तो पटत नाही. सिमेंटची लापशी सुकताना आकसते, दगड आकसत नाही. लापशी जितकी जास्त तितक्या भेगा जास्त, आणि खर्चही जास्त.

वाळूत माती किती, हे काचेच्या सरळ बाटलीत कळते. मोजपात्र असेल तर उत्तम. त्यात अर्ध्यापर्यंत वाळू घालावी, वर पाणी, आणि पाण्यात शेकडा एक या प्रमाणात मीठ. मिठामुळे मातीचे कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. जोराने हलवून तीन तास स्थिर ठेवावे. खाली वाळू, तिच्यावर मातीचा वेगळा थर दिसतो. हा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये. (नुकताच बसलेला थर भुसभुशीत असतो, वजनाने माती याहून बरीच कमी भरते. नदीच्या वाळूसाठी भारतीय मानक ३८३ मधली मर्यादा वजनाने तीन टक्के आहे.) कुजलेल्या पाल्याचा संशय असेल तर शिक्षकांनी स्वतः, विद्यार्थ्यांना हात लावू न देता, तीन टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वाळू २४ तास ठेवावी. द्रव फिकट गवती रंगाचा राहिला तर ठीक. गडद तपकिरी झाला तर वाळूत सेंद्रिय पदार्थ आहेत आणि ते सिमेंटचे घट्ट होणे लांबवतात.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही, आणि उपशाने नद्यांचे जे झाले आहे ते पाहता मिळू नये हेच बरे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये वाळूसारख्या गौण खनिजांच्या लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. तेव्हापासून दगड फोडून केलेली वाळू, म्हणजे ‘क्रश सँड’, खेड्यापाड्यांतही पोचली आहे. ती वाईट नाही. मात्र खडीच्या क्रशरखाली साचणारी कच आणि मुद्दाम तयार केलेली, धुतलेली क्रश सँड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कच स्वस्त असते, आणि पुष्कळदा तीच वाळू म्हणून विकली जाते. हातात घेऊन चोळली की बोटांना राखेसारखी पूड लागते. दगडाची पूड मातीइतकी घातक नसल्याने मानकाने फोडलेल्या वाळूला १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली आहे, पण कचेत पूड त्याहूनही जास्त असू शकते. बाटलीची चाचणी इथेही उपयोगी पडते, फक्त आठ टक्क्यांचा आकडा तिला लावू नये. दोन ठिकाणचे नमुने शेजारी ठेवून तुलना करावी.

किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी एक इशारा. समुद्राची वाळू स्वच्छ आणि फुकट असते, पण तिच्यातल्या मिठाने काँक्रीटमधल्या सळया गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, आणि तो आतून काँक्रीट फोडतो. झाकणात सळया असतातच, तेव्हा ही वाळू नकोच.

ओली वाळू फुगते

हा मुद्दा अनुभवी लोकांच्याही लक्षात येत नाही. दमट वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांपासून दूर धरले जातात. परिणामी तेवढीच वाळू २०-३० टक्के जास्त जागा व्यापते. पूर्ण बुडवली की पापुद्रे नाहीसे होतात आणि वाळू पुन्हा खाली बसते. मोजपात्रात २० सें.मी. उंचीपर्यंत दमट वाळू सैल भरा. ती काढून घ्या, पात्रात पाणी घ्या आणि तीच वाळू ढवळत परत टाका. उंची १६ सें.मी. भरली तर फुगवटा १६ वर ४, म्हणजे २५ टक्के. अशी वाळू घमेल्याने मोजताना चारऐवजी पाच घमेली घ्यायला हवीत. नाहीतर वाळू कमी पडते, खडीतल्या फटी रिकाम्या राहतात आणि साचा काढल्यावर काँक्रीट मधाच्या पोळ्यासारखे दिसते.

दगड कोणता, केवढा?

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात खडी मिळते ती काळ्या दगडाची, बेसॉल्टची. ताजा, घट्ट बेसॉल्ट काँक्रीटला उत्तम. पण एकाच खाणीत त्याचे अनेक थर निघतात. काही थर छिद्रांनी भरलेले, काहींची छिद्रे पांढऱ्या खनिजांनी बुजलेली, काही लालसर आणि मुरमाकडे झुकलेले. खडी आणताना मूठभर तुकडे निवडून पाहावेत. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर टणत्कार आला पाहिजे. बोदा आवाज, हातोडीच्या हलक्या घावाने भुगा, खिळ्याने खोल ओरखडा, ही दगड कुजल्याची लक्षणे. कोरडे तुकडे तोलून २४ तास पाण्यात ठेवावेत, पुसून पुन्हा तोलावेत. चांगल्या बेसॉल्टचे वजन एक-दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. जांभ्याचे आणि विटांचे तुकडे बरेच पाणी पितात. विटांच्या तुकड्यांचा कोबा गच्चीवर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो हे खरे, पण गच्चीला आधार खालच्या स्लॅबचा असतो. झाकण अधांतरी असते.

तुकडे शक्यतो घनाकृती असावेत. चपटे, पापडासारखे तुकडे आडवे पडतात, त्यांच्याखाली पाणी साचते आणि तिथेच काँक्रीट कमकुवत होते. नदीतले गोल गोटे कमी पाण्यात छान सरकतात, पण गुळगुळीत पृष्ठभागाला लापशी तितकी घट्ट धरत नाही.

आता माप. सामान्य स्लॅबला २० मि.मी. खडी वापरतात, म्हणून दुकानदार तीच देतो. पण मानकाचा दंडक असा की, खडीचा सर्वांत मोठा तुकडा जाडीच्या एक चतुर्थांशाहून मोठा नसावा. आपले झाकण ५ सें.मी. जाड धरले तर मर्यादा १२.५ मि.मी. शिवाय सळयांच्या खाली १५ मि.मी. काँक्रीट ठेवायचे असेल तर तुकडा त्याहून ५ मि.मी.ने लहान हवा, म्हणजे १० मि.मी. मोठी खडी सळईखाली शिरत नाही. वर अडकून बसते आणि सळई खालून उघडी राहते. म्हणून झाकणाला १० मि.मी.ची खडीच मागावी. तिला वाळू किंचित जास्त लागते. फाटकाच्या खांबाच्या पायाला मात्र २० मि.मी. चांगली, कारण कमी पृष्ठफळाला कमी लापशी पुरते.

६० सें.मी. चौरस आणि ५ सें.मी. जाड झाकणाचे घनफळ १८ लिटर होते. फटी भरल्या गेल्याने घट येते, म्हणून कोरडा माल सुमारे दीडपट, २७ लिटर लागतो. सळया असल्याने प्रमाण १:१॥:३ घ्यावे. म्हणजे सिमेंट सुमारे ५ लिटर (७ कि.ग्रॅ.), कोरडी वाळू साडेसात लिटर आणि खडी १५ लिटर. वाळू दमट असून २५ टक्के फुगलेली असेल तर साडेनऊ लिटर मोजावी. पाणी चार लिटरच्या आसपास. वाळू दमट असेल तर त्याहूनही कमी, कारण काही पाणी तिच्यातच आलेले असते. पाणी एकदम न ओतता शेवटचा अर्धा लिटर हातात राखून ठेवावा. खडीवर धूळ असेल तर आदल्या दिवशी धुऊन निथळत ठेवावी. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, तेव्हा कालवणाऱ्यांनी रबरी हातमोजे घालावेत.

झाकण ओतल्यावर दुसऱ्या दिवसापासून किमान दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावे आणि २८ दिवस होईपर्यंत जागेवर बसवू नये. तोवर टाकीच्या तोंडावर जाड फळ्या टाकून त्यांवर जड दगड ठेवावेत, आणि शाळा असेल तर भोवती दोरी बांधावी.